पाठीवरची यादी : जर्मन सैनिकी सामानाचा संग्रह आणि त्याचे वाचन

प्रास्ताविक

वस्तुसंग्रहाच्या छंदाचा विचार आपल्याकडे बहुधा नाणी, टपाल तिकिटे, हस्तलिखिते आणि जुनी शस्त्रे यांच्याभोवती फिरतो. शस्त्रांमध्येही मान तलवारीला, कट्यारीला, तोफेला. ती चालविणाऱ्या माणसाच्या पाठीवर काय होते, याची चौकशी क्वचितच होते. युरोप-अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकांच्या पाठपिशव्या, शिदोरीच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, तंबूचे तुकडे आणि पट्टे जमविण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. त्याभोवती किंमतपुस्तिका, लिलाव, जाडजूड संदर्भग्रंथ आणि नकली मालाचा व्यापार असे एक स्वतंत्र विश्व उभे राहिले आहे. प्रस्तुत लेखात या छंदाकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. संग्राहक वस्तूची जी नोंद करतो तीत काय येते आणि काय गळते, तसेच याच वस्तूंची यादी करणाऱ्या काही साहित्यकृती त्या नोंदीला कोणता जाब विचारतात, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

नाशिकमध्ये बसून जर्मन पिशवीचा विचार कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. देवळालीची लष्करी संक्रमण छावणी १८६१ सालची. इंग्लंडहून येणारे आणि मुदत संपवून परत जाणारे सैनिक येथे आपल्या वळकट्या टाकून जहाजाची वाट पाहत. ही वाट पाहणे कधी कधी महिनोन्‌महिने चाले आणि उन्हाने, रिकामपणाने, तापाने माणसे सैरभैर होत. डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डुलाली’ म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीचाच अपभ्रंश होय. मूळ वाक्प्रचारात त्यापुढे येणारा ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. इंग्रजी भाषेला नाशिक जिल्ह्याने दिलेली ही देणगी फारशी अभिमानास्पद नसली तरी खरी आहे.

उलट दिशेनेही शब्द आलेले आहेत. कळसूबाई, हरिहर, अंजनेरी चढणारी आपली मुले पाठीवरच्या पिशवीला ‘सॅक’ म्हणतात. ‘रकसॅक’ हा शब्द इंग्रजीने जर्मनमधून जसाच्या तसा उचलला; ‘रुक’ म्हणजे पाठ आणि ‘झाक’ म्हणजे पिशवी. ‘हॅवरसॅक’ची कूळकथा आणखी रंजक आहे. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पण त्याचे मूळ जर्मन ‘हाबरझाक’, म्हणजे ओट धान्याची पिशवी. घोड्याचा दाणा वाहून नेणारी ती पिशवी मराठी स्वाराने पाहिली असती तर त्याला तोबऱ्याची आठवण झाली असती. पुढे घोडा गेला, स्वार पायी चालू लागला आणि घोड्याच्या दाण्याच्या पिशवीत माणसाची भाकरी आली. सैनिकी सामानाच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर या एका शब्दात साठलेले आहे.

वस्तू आणि तिचा जाणकार

संग्राहकाचे ज्ञान सामान्य नसते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जर्मन पायदळाची पाठपिशवी, म्हणजे ‘टॉर्निस्टर’, ही चौकोनी, पेटीच्या आकाराची. अंग कॅनव्हासचे, कडा व पट्टे चामड्याचे आणि वरची झडप केसांसकट कमावलेल्या गुरांच्या कातड्याची. या केसाळ झडपेमुळे सैनिकांनी तिचे नाव ‘आफे’, म्हणजे माकड, असे ठेवले होते. दिवसभर चालणाऱ्याच्या पाठीवर माकड बसलेले असते, ही विनोदबुद्धी कोणत्याही देशातील शिपायाला समजेल. १९३४ च्या नमुन्याला खांद्याचे पट्टे कायमचे जोडलेले होते. १९३९ च्या नमुन्यात ते काढून टाकले गेले आणि पिशवी कमरपट्ट्याला आधार देणाऱ्या चामडी पट्ट्यांना आकड्यांनी अडकविण्याची सोय झाली. आत सुटे बूट, मोजे, सदरा, धुण्याचे व शिवणाचे सामान, तंबूच्या मेखा. बाहेरून घोड्याच्या नालाच्या आकारात गुंडाळलेले कांबळे किंवा डगला.

कमरेला ‘ब्रोटबॉयटल’, शब्दशः भाकरीची पिशवी, असे. तिला अडकविलेली अ‍ॅल्युमिनियमची बाटली ०.८ लिटरची, तपकिरी फेल्टच्या आवरणातील. हे फेल्ट ओले केले की आतले पाणी गार राहते. आपल्या आजोबांच्या पिढीने प्रवासात नेलेली कॅनव्हासची छागल याच तत्त्वावर चाले, तेव्हा ही युक्ती आपल्याला शिकवावी लागत नाही. आफ्रिकेच्या मोहिमेसाठी काही बाटल्यांना फेल्टऐवजी लाकूड व राळ यांचे कठीण कवच बसविले गेले. १९३१ च्या नमुन्याचा त्रिकोणी ‘त्सेल्टबान’ हा तर बहुगुणी तुकडा होता. एकट्याने पांघरला तर पावसाळी अंगरखा, चौघांनी आपापले तुकडे गुंड्यांनी जोडले तर एक तंबू. त्याच्या दोन्ही अंगांवर तुटक, टोकदार ठिगळांची चित्रे छापलेली असत, एका अंगावर गडद आणि दुसऱ्यावर फिकट. चौघांच्या चार तुकड्यांखेरीज कोणालाच पुरते छप्पर मिळत नाही, हे रचनेतच गृहीत धरलेले आहे.

जाणकाराची नजर यापुढे जाते. चामड्यावर उमटविलेला कारखानदाराचे नाव, गाव आणि साल यांचा ठसा तो भिंगाखाली वाचतो. युद्ध सुरू झाल्यानंतर नावाच्या जागी अक्षरांचा संकेत आला आणि उत्तरार्धात लांब आकडी क्रमांक. चामडे दुर्मिळ होत गेले तसे त्याची जागा विणलेल्या पट्ट्यांनी आणि इतर पर्यायी मालाने घेतली, अ‍ॅल्युमिनियमऐवजी एनॅमल दिलेले लोखंड आले. १९३६ ची पिशवी आणि १९४४ ची पिशवी शेजारी ठेवली तर एका राज्याची आर्थिक घसरण केवळ बोटांनी चाचपता येते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला टंचाईचा इतका मूर्त पाठ क्वचितच मिळेल. अशा बारकाव्यांत रमणाऱ्या संग्राहकाची ‘निरुद्योगी माणूस’ म्हणून थट्टा करणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही या छंदातील एका समजुतीची चिकित्सा करणे भाग आहे. पदके, गणवेशावरील चिन्हे, गरुडाचे बिल्ले यांवर नाझी राजवटीची खूण उघडउघड असते. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार अशी चिन्हे सार्वजनिकरीत्या मिरविणे गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला यांसाठी अपवाद आहेत. (आपल्या उंबरठ्यावरील स्वस्तिकाचा या चिन्हाशी घातला जाणारा घोळ हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) भाकरीच्या पिशवीवर किंवा पाण्याच्या बाटलीवर मात्र सहसा असे डोळ्यांत भरणारे चिन्ह नसते. म्हणूनच ‘आम्ही राजकारण जमवीत नाही, फक्त वस्तू जमवितो’ असे म्हणणाऱ्या संग्राहकाला हे सामान निर्धोक वाटते. बाटली ती बाटली. तहान सर्वांचीच सारखी. ही समजूत अर्धी खरी आहे आणि अर्ध्या खऱ्या समजुतीच अधिक टिकाऊ असतात.

ठसा काय सांगतो

संग्राहक ठसा वाचतो तो वस्तू अस्सल आहे की नाही हे ठरविण्यासाठी. ठशाचे याहून मोठे मोल त्याच्या पुराव्यात आहे. गाव आणि साल हाती आले की त्या गावात त्या साली तो माल कोणाच्या हातांनी बनत होता, असा पुढचा प्रश्न विचारता येतो. युद्धकाळातील जर्मन उद्योगात परदेशांतून जबरदस्तीने आणलेले मजूर लाखोंनी राबत होते. लॉजच्या यहुदी वस्तीत, काटेरी तारांच्या आत, जर्मन सैन्यासाठी गणवेश शिवणारे कारखाने चालत आणि काम करू शकणे हीच तेथे काही काळ जिवंत राहण्याची अट होती. रावेन्सब्रूकच्या स्त्रियांच्या छळछावणीत शिवणाचे कारखाने होते. बर्लिनजवळच्या झाक्सेनहाउझेन छावणीत १९४० पासून बुटांच्या तळव्यांच्या चाचणीसाठी खास रस्ता केलेला होता. वाळू, खडी, काँक्रीट असे निरनिराळे पृष्ठभाग असलेल्या या रस्त्यावर कैद्यांना दिवसाला ४० किलोमीटरपर्यंत चालविले जाई, काहींच्या पाठीवर ओझेही दिले जाई. चामड्याला पर्याय म्हणून कोणता माल किती टिकतो, हे माणसे झिजवून ठरविले गेले.

हे वाचल्यावर १९४४ च्या पर्यायी मालाकडे पूर्वीच्याच नजरेने पाहता येत नाही. प्रत्येक बूट किंवा प्रत्येक पिशवी छळछावणीतून आली असे मुळीच नाही. तसा सरसकट आरोप करणे हीदेखील बेपर्वाईच ठरेल. परंतु ‘चिन्ह नाही म्हणून वस्तू निर्दोष’ हा निष्कर्ष टिकत नाही. चिन्ह कापडावर नसेल, शिवणीत असेल.

अशा बाबतीत घाईदेखील किती महाग पडते याचे उदाहरण जर्मनीतच घडले. हॅम्बुर्गच्या सामाजिक संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांविषयी एक फिरते प्रदर्शन भरविले. नाझी पक्ष गुन्हेगार, सैन्य मात्र स्वच्छ, या जर्मन समाजाच्या आवडत्या कथेला त्याने धक्का दिला. प्रदर्शनातील पुष्कळशी छायाचित्रे सैनिकांनीच काढलेली, खिशांत आणि सामानात जपलेली होती. पण काही छायाचित्रांखालील मजकूर चुकीचा असल्याचे इतिहासकारांनी दाखवून दिले, १९९९ मध्ये प्रदर्शन मागे घ्यावे लागले आणि सुधारून २००१ मध्ये ते पुन्हा उघडले. मूळ निष्कर्ष कायम राहिला. मधल्या काळात विरोधकांना मात्र आयते कोलीत मिळाले. वस्तू कोठून आली, कोणाची, केव्हाची, हे नेमके लिहिण्याची संग्राहकी शिस्त येथे कामास आली असती. म्हणून त्या शिस्तीवर आक्षेप नाही. ती ‘कोणत्या कारखान्याची’ येथे थांबते आणि ‘कोणाच्या पाठीवरची’ हे विचारत नाही, हा आक्षेप आहे. किंमतपुस्तिकेच्या भाषेत तर सर्वोत्तम पिशवी म्हणजे न वापरलेली, कोठारातून कोरी निघालेली. झडपेच्या आत शाईने लिहिलेले नाव कधी गुण ठरते, कधी डाग. ज्या वस्तूचे सारे कारण वापरात आहे ती वापरली गेलीच नाही म्हणून मौल्यवान ठरावी, हा या छंदाच्या मुळाशी असलेला विरोधाभास आहे.

कवीची यादी

सैनिकाच्या सामानाची यादी अनेकांनी केलेली आहे. पहिली यादी सैन्याची. जर्मन शिपायाच्या ‘सोल्डबूख’ या वेतनपुस्तिकेत त्याला दिलेले कपडे व सामान नोंदविण्याची पाने असत. हरवले तर जाब द्यावा लागे. दुसरी यादी संग्राहकाची. या दोन्हींहून निराळी अशी एक यादी गुंटर आइश या कवीने केली. आइश १९४५ मध्ये अमेरिकनांच्या युद्धकैदी छावणीत होता. त्या अनुभवातून आलेली ‘इन्व्हेंटुअर’ ही त्याची कविता १९४७ मध्ये हान्स व्हेर्नर रिश्टर यांनी संपादित केलेल्या युद्धकैद्यांच्या कवितासंग्रहात प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ मालाची मोजदाद. दुकानदार वर्षअखेरीस करतो ती.

कवितेत जवळजवळ काहीच घडत नाही. कैदी आपल्या वस्तू एकेक करून दाखवितो. टोपी, डगला, दाढीचे सामान. ताट आणि पेला दोन्हींचे काम करणारा पत्र्याचा डबा, त्यावर खिळ्याने खरवडलेले स्वतःचे नाव. तो खिळाही इतरांच्या नजरेपासून लपवून ठेवावा लागतो. भाकरीच्या पिशवीत लोकरी मोजे आहेत, आणि आणखी काही आहे जे तो कोणालाच सांगत नाही. रात्री हीच पिशवी उशी होते. सर्वांत प्रिय वस्तू म्हणजे पेन्सिलीतील शिसे, कारण रात्री सुचलेल्या ओळी दिवसा त्याने लिहिता येतात. विशेषणे जवळजवळ नाहीत, शोक नाही, राष्ट्र नाही. पुढे व्होल्फगांग वायराउख यांनी अशा लेखनाला झाडे तोडून मोकळ्या केलेल्या रानाची उपमा दिली आणि समीक्षेत ती रूढ झाली. नाझी प्रचाराने फुगविलेली भाषा छाटून, ‘ही माझी टोपी’ एवढ्यापासून पुन्हा सुरुवात करणे, असा त्याचा आशय.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे या यादीतील प्रत्येक वस्तू संग्राहकाच्या यादीतही आहे: तीच ब्रोटबॉयटल, तोच तंबूचा तुकडा. परंतु कवीने नोंदविलेला तपशील वस्तूच्या नमुन्याचा नसून वापराचा आहे. डब्यावर कारखान्याचा ठसा असेलच. कवीने त्याच्यापेक्षा खिळ्याने ओरखडलेल्या नावाला महत्त्व दिले. किंमतपुस्तिका ज्याला डाग म्हणेल तोच येथे मालकीचा एकमेव दस्तऐवज आहे. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. पिशवीत काहीतरी आहे जे तो सांगत नाही. ते काय, यावर टीकाकारांनी आजवर पुष्कळ तर्क केले. आठवणी, एखादे पत्र, एखादी चोरलेली वस्तू. नाझी काळात आइशने रेडिओसाठी विपुल लेखन केले होते आणि त्यावर १९९० च्या दशकात मोठा वाद झाला. त्या प्रकाशात ही न सांगितलेली वस्तू वेगळीच भासू लागते. वस्तूंची इतकी प्रामाणिक यादी करणाऱ्या माणसाने, गेल्या काही वर्षांत आपण काय केले, याचा मात्र एक शब्दही काढलेला नाही. कविता यामुळे खोटी ठरते असे मला वाटत नाही. उलट, पिशवीचे तोंड बंद आहे हे ती स्वतःच सांगते, आणि संग्राहकाची यादी नेमके हेच सांगत नाही.

गद्य आणि नाट्य यांतूनही असे वाचन झाले आहे. एरिक मारिया रेमार्क यांच्या १९२९ च्या सुप्रसिद्ध युद्धकादंबरीत एका जखमी सैनिकाचे मऊ, पिवळ्या चामड्याचे बूट त्याच्या मृत्यूनंतर मित्राकडे, मित्राच्या मृत्यूनंतर निवेदकाकडे जातात. ते मुळात शत्रूच्या वैमानिकाचे. बूट टिकतात, माणसे बदलतात. संग्राहक ज्याला ‘वस्तूचा प्रवास’ म्हणतो तो येथे मृत्यूंची साखळी म्हणून दिसतो. व्होल्फगांग बोर्शर्टच्या १९४७ च्या नाटकातील बेकमान सैबेरियाच्या कैदेतून परततो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर विषारी वायूच्या मुखवट्याखाली घालण्याचा सैनिकी चष्मा असतो. साधा चष्मा उरलेला नाही, म्हणून याच चष्म्यातून तो घर, बायको, आपला पूर्वीचा अधिकारी यांच्याकडे पाहतो आणि सर्वांना त्या चष्म्याचाच राग येतो. आज असे चष्मे संग्राहकांच्या बाजारात मिळतात. नाटक वाचलेल्या माणसाला तो हातात घेताना थोडे थांबावेसे वाटेल, एवढे काम साहित्याने केलेले आहे.

देवळालीचा जर्मन आणि ‘रणांगण’मधील जर्मन

जर्मन पाठपिशवी आणि नाशिक जिल्हा यांची गाठ प्रत्यक्षातही पडली आहे. १९३९ मध्ये नंगा पर्बतच्या पाहणीसाठी आलेल्या तुकडीतील हाइनरिश हारर आणि पीटर आउफश्नायटर हे गिर्यारोहक युद्ध सुरू होताच ब्रिटिशांच्या नजरकैदेत पडले. त्यांना प्रथम अहमदनगरच्या, नंतर देवळालीच्या आणि पुढे डेहराडूनच्या छावणीत ठेवण्यात आले. २९ एप्रिल १९४४ रोजी ते डेहराडूनहून निसटले आणि जानेवारी १९४६ मध्ये ल्हासाला पोहोचले. हाररचे १९५२ सालचे तिबेटविषयीचे पुस्तक जगभर गाजले. पाठीवर सॅक, पुढे हिमालय, मागे तुरुंग; गिर्यारोहकाच्या पिशवीचे इतके निरागस चित्र दुसरे सापडणे कठीण. १९९७ मध्ये मात्र हारर १९३८ साली एसएस संघटनेत आणि नाझी पक्षात दाखल झाल्याची कागदपत्रे उजेडात आली. पुस्तकात त्याचा मागमूस नव्हता. आइशने पिशवीत काहीतरी आहे एवढे तरी कबूल केले होते. हाररने पिशवी उघडीच आहे असे भासविले, आणि साहित्य म्हणून त्याचे पुस्तक उणे ठरते ते मला येथेच वाटते.

त्याच १९३९ साली मराठीत विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ प्रसिद्ध झाली. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या जहाजावर जर्मनीतून हाकलले गेलेले यहुदी निर्वासित आहेत. त्यांच्यातील हॅर्टा आणि परतीच्या वाटेवरचा चक्रधर यांची ही शोकांतिका. सैनिकाच्या पिशवीचा विचार करताना या कादंबरीकडे पाहणे मला आवश्यक वाटते, कारण तेथे तिसऱ्या प्रकारची यादी पार्श्वभूमीला आहे. जर्मनी सोडणाऱ्या यहुद्यांना त्या काळात रोख १० मार्क एवढेच बरोबर नेता येत आणि उरलेल्या सामानाची तपशीलवार यादी सरकारी कचेरीकडे मंजुरीसाठी द्यावी लागे. किती चमचे, किती चादरी, केव्हा घेतल्या. टॉर्निस्टर भरून देणारे राज्यच दुसऱ्या बाजूला पेट्या रिकाम्या करून घेत होते. दोन्हीकडे लेखणी कारकुनाची आणि दोन्हीकडे यादी अचूक. जर्मन सामानाचा संग्रह जेव्हा केवळ सैनिकाच्या सामानापुरता राहतो, तेव्हा या दुसऱ्या यादीतील चमचे आणि चादरी त्यातून आपोआप वगळल्या जातात. ‘रणांगण’ची थोरवी अशी की युद्ध अजून सुरू व्हायचे असताना, एकाही शिपायाला समोर न आणता, बेडेकरांनी रणांगण प्रवाशांच्या मनांत आणि जहाजाच्या डेकवर दाखविले. युद्धावरील मराठी लेखन पुढे पुष्कळ झाले. वि. ग. कानिटकर आणि वि. स. वाळिंबे यांनी वाचकांची एक पिढीच घडविली. पण त्यात नकाशे, सेनापती आणि तारखा यांचा भरणा अधिक, पिशवीतील मोजे कमी.

येथील पिशव्या

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात लष्करी वस्तूंचे दर्शन घडते ते मुख्यतः अवजड स्वरूपात. अहमदनगर येथे (२०२४ पासून अहिल्यानगर) १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय त्याच्या प्रकारात अपूर्व आहे. नाशिकरोडला तोफखाना केंद्राची परंपरा आहे. तोफ आणि रणगाडा यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. शाळेच्या सहलीतील मुलाला वर चढावेसे वाटेल अशी ती वस्तू असते. पिशवीवर कोणी चढत नाही.

मराठी सैनिक जर्मनांसमोर लढले, तेव्हा त्यांच्याही पाठीवर काही होते: ब्रिटिश सैन्याच्या १९३७ च्या नमुन्याची, विणलेल्या सुती पट्ट्यांची मोठी व लहान पिशवी. चामड्याऐवजी विणलेले सूत वापरण्याची ही पद्धत जर्मन सामानाहून आधुनिक होती, ही बाब सौंदर्यावर भाळलेले संग्राहक सहसा विसरतात. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात एका जखमीला खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी वाहून नेले आणि पुन्हा मागे जाऊन दुसऱ्याला आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. संगमनेर तालुक्यातील निमजचा हा माणूस, आपल्या शेजारचा. त्याच्या पदकाची कथा सांगितली जाते. त्याच्या पलटणीतील साध्या शिपायाच्या पिशवीत काय असे, घरचे पत्र कोणत्या कप्प्यात राही, हे सांगणारे मराठी लेखन शोधावे लागते.

अशा संग्रहाची दृष्टी आपल्याकडे नाही असे नव्हे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलुपे, कलमदाने जमविली; ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला दिले. वापराने झिजलेली वस्तू केळकरांना कमी प्रतीची वाटली नाही. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेसंशोधन संस्थेने १९८० पासून नाणेशास्त्राच्या अभ्यासाला घर दिले आहे. तेथील शास्त्राचा पहिला धडा असा की नाणे कोठे, कशाबरोबर सापडले हे हरवले तर अर्धे नाणे हरवले. केळकरांची माया आणि अंजनेरीची शिस्त सैनिकी सामानाला एकत्र लागू करणे अवघड नाही.

कायद्याकडून फार अपेक्षा करता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार सामान्यतः किमान १०० वर्षांच्या वस्तूलाच पुरावस्तूचा दर्जा मिळतो, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे १९३४ सालची जर्मन टॉर्निस्टर २०३४ पर्यंत आणि १९३७ च्या नमुन्याची शिपायाची पिशवी निदान २०३७ पर्यंत कायद्याच्या लेखी केवळ जुने सामान. तोवर ती भंगारात जाईल, चित्रपटासाठी भाड्याने जाईल, किंवा कोणी पट्टे कापून दुसऱ्या कामाला लावील. जर्मन पिशवीला निदान परदेशी गिऱ्हाईक आहे. आपल्या शिपायाच्या पिशवीला तेही नाही.

महाविद्यालयातील इतिहास, मराठी आणि संरक्षणशास्त्र या विभागांना येथे एकत्र करता येण्याजोगे काम आहे. माजी सैनिकांच्या घरांत जे सामान उरले असेल त्याची, ते त्यांच्याकडेच ठेवून, नोंद करता येईल. नोंदकार्डावर नमुना, साल, कारखान्याचा ठसा असावाच. त्याखाली वाहणाऱ्याचे नाव, पलटण, कोठे कोठे गेली, आत काय असे, नंतर घरात तिचे काय झाले, आणि घरच्यांनी जे सांगायचे नाही असे ठरविले असेल त्यासाठी एक रकाना कोरा. झडपेवर रंगाने घातलेला क्रमांक मात्र कोणी धुऊन काढू नये. पिशवी स्वच्छ दिसावी म्हणून पहिला हात बहुधा त्यावरच पडतो.